उत्तरेचा उतार

माझा भाऊ गाढव आहे, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी त्याची बाजू घ्यायला नको. वजन शंभर किलो, ट्रॉलरचा कप्तान, हाताखाली अकरा माणसं. पण घरात त्याला अजून टिल्लूच म्हणतात, कारण जन्मला तेव्हा तो बुटाच्या खोक्यात मावला होता. तेव्हाच झाकण लावायला हवं होतं.

मी जाळी दुरुस्त करते. बर्फाच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमची लांबलचक पत्र्याची खोली आहे. छताला लावलेल्या पुलींवरून जाळी खाली लोंबतात आणि जमीन इतकी गार असते की मोज्यांचे दोन जोड घातल्याशिवाय उभं राहवत नाही. एकतीस वर्षं मी इथे उभी आहे. फाटलेलं जाळं बघून बोट कुठून आली ते सांगते. वाळूवर घासलेला दोर केसाळ होतो, चिखलातून आलेलं जाळं जड होतं, आणि खडकाने धरलेलं जाळं पोटापासून शेपटीपर्यंत उभं उसवतं.

बंदरापासून दीड दिवसाच्या वाटेवर समुद्राच्या तळाशी एक डोंगर आहे. त्याचा माथासुद्धा पाण्याखाली जवळजवळ एक किलोमीटर. तिथे मासा आहे हे आमच्या वडिलांनाही माहीत होतं, पण तिकडे कुणी फिरकत नसे. गेलेलं जाळं चिंध्या होऊन यायचं. मग बारा वर्षांपूर्वी मी डोकं चालवलं. ट्रकच्या जुन्या टायरांच्या चकत्या कापून जाळ्याच्या खालच्या दोरात ओवल्या आणि पोटाला जाड दोऱ्याचा दुसरा थर दिला. जाळं खडकावर अडकायचं थांबलं, उड्या मारत पुढे जायला लागलं. बंदरभर माझं कौतुक झालं, आणि मी फुगले. खोटं कशाला बोलू?

बारा वर्षांत डोंगराच्या तीन बाजू खरवडून झाल्या. उत्तरेचा उतार सर्वांत खडबडीत, म्हणून तेवढा राहिला.

हे मला प्रयोगशाळेतल्या बाईने सांगितलं. ती दर गुरुवारी बादली घेऊन येते आणि जाळ्यात अडकलेला कचरा वेचून नेते. हळू बोलते, बूट कायम स्वच्छ. मला ती मुळीच आवडायची नाही. एकदा तिने माझ्या कचऱ्याच्या पिंपातून मनगटाएवढा जाड पोवळ्याचा बुंधा काढून नेला आणि पुढच्या गुरुवारी येऊन म्हणाली, "याचं वय सहाशे वर्षं होतं."

"मग तब्येत माझ्याहून बरी होती," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिने टॅब काढला आणि कॅमेऱ्याने घेतलेलं उत्तरेच्या उताराचं चित्रण माझ्यापुढे धरलं. काळ्याकुट्ट पाण्यात दिव्याच्या उजेडात गुलाबी, पांढरी, पिवळी झाडं. फांद्याफांद्यांवर खेकडे बसलेले, जणू त्यांना कुणी तिथे भाड्याने खोल्या दिल्यात. लाल मासे डोकं खाली करून झोपल्यासारखे लटकत होते. मग एका कपारीत फिकट जांभळी ऑक्टोपस दिसली. सगळे हात स्वतःभोवती गुंडाळून ती अंड्यांवर बसली होती.

"ही कधीपासून बसलीय इथे?"

"आम्ही पहिल्यांदा पाहिली त्याला तीन वर्षं झाली. अंड्यांवर बसली की ती खाणंपिणं सोडते. पिल्लं बाहेर पडली की मरते."

मी टॅब परत दिला आणि दिवसभर दिसेल त्याच्यावर खेकसत राहिले. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी भांडते.

त्याच गुरुवारी बाईने हेही सांगितलं की एक तारखेपासून त्या डोंगरावर जाळं ओढायला बंदी लागणार आहे. आठ दिवस उरले होते. आठ दिवस तो उतार तसाच राहिला असता तर कायमचा वाचला असता.

दुसऱ्या दिवशी टिल्लू जिना चढून आला. मागून चार माणसांनी उसवलेलं जाळं वर ओढून आणलं.

"ताई, रविवारी सकाळपर्यंत पाहिजे."

"कुठे निघालास?"

"उत्तरेच्या उतारावर. बंदी लागायच्या आत एक फेरी. गेल्या फेरीत मासा शोधायच्या यंत्रावर ढिगाने दिसला."

"तीन बाजू गिळल्यास, पोट भरलं नाही तुझं?"

"मी नाही गेलो तर पलीकडच्या बंदराची बोट जाईल."

"ती गेली की तिलाही शिव्या घालीन. आत्ता तू समोर आहेस."

"त्या बादलीवालीने तुझे कान भरलेत," तो म्हणाला. "अगं, दगड आहे तो! दगडासाठी सख्ख्या भावाशी भांडतेस?"

"दगड नाहीये ते. जिवंत आहे."

"असं? मग टायर कुणी ओवले जाळ्यात? मी?"

मी हातातली सुई त्याच्या छातीवर फेकून मारली. ती लाकडी होती, लागली नाही.

"तुला नसेल करायचं तर तसं सांग," तो म्हणाला. "समोरच्या कंपनीत टाकतो. त्यांची दहा माणसं आहेत, उद्या संध्याकाळी देतील."

ते खरं होतं. मी हाताची घडी घालून बसले असते तरी जाळं तयार झालंच असतं, आणि चांगलं तयार झालं असतं.

"ठेव इथे," मी म्हटलं. "आणि तोंड काळं कर."

जाड नायलॉनचा दोरा निसरडा असतो. त्याची गाठ मारताना दोन वेढे घ्यावे लागतात. एकच घेतला तरी गाठ दिसायला तशीच दिसते, पण ओझं आलं की सरकते. कामावर नवीन बाई आली की पहिल्या दिवशी मी तिच्याकडून हेच घोकून घेते. मी जाळ्याच्या शेपटीत, जिथे मासा साठतो तिथे, एकेका वेढ्याच्या गाठी मारत गेले. फाटलं तर बोटीवरची माणसं तिथल्या तिथे शिवून घेतात. सरकलेल्या गाठीचं तसं नाही. जाळ्याची घरं, म्हणजे भोकं, वेडीवाकडी मोठी होतात, मासा निसटतो आणि जाळं अख्खंच दिसतं. टिल्लूचा धीर मला लहानपणापासून ठाऊक होता. सायकलची साखळी दोनदा निसटली की हा सायकल रस्त्यात टाकून पाय आपटत घरी यायचा. पहिल्या ओढीला रिकामं जाळं आलं की उताराला चार शिव्या हासडून माघारी फिरेल, असं मी धरून चालले.

रविवारी त्याने नव्या गाठींवरून हात फिरवला. "तुझ्या हाताला तोड नाही, ताई," म्हणाला. मी मान खाली घालून दोऱ्याचे तुकडे गोळा करत राहिले. आतून मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

गुरुवारी बाई आली तेव्हा मी तिला म्हटलं, "तुमची ती अंड्यांवर बसलेली, तिची काळजी करू नका."

"का? काय केलंत तुम्ही?"

"कामात जरा आळस केला."

ती एवढी खूश झाली की तिने मला मिठी मारली, तेलकट एप्रनसकट. मी स्वतःला सोडवून घ्यायची घाई केली नाही.

बंदी शनिवारपासून लागणार होती. टिल्लू शनिवारी दुपारी परत आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. वर येऊन तो दोराच्या वेटोळ्यावर धप्पकन बसला.

"काही मिळालं नाही," म्हणाला. "सहा दिवसांत चार पेट्या."

मी हसू लपवायला तोंड फिरवलं. मग त्याचं वाक्य माझ्या डोक्यात शिरलं. "सहा दिवस? तिथेच होतास?"

"जाऊन-येऊन. तीन दिवस तिथेच. यंत्रावर मासा दिसतोय आणि जाळ्यात येत नाही, म्हणजे मी चुकीच्या जागी ओढतोय, नाही का? आधी वरून खाली ओढलं. मग खालून वर. मग आडवं. एरवी तीन ओढीत बोट भरते. मी एकोणीस वेळा ओढलं."

"एकोणीस."

"आता बंदी लागणार म्हटल्यावर सोडवेना गं. पहिल्या दिवशी जाळं जागोजागी अडकत होतं, सगळी बोट हादरायची. शेवटी शेवटी अडकणंच बंद झालं. अंगणातून चटई ओढावी तसं सरळ आलं." त्याने डोळे चोळले. "मासा कुठून निसटत होता देव जाणे. जाळं तुझ्या हातचं, त्यामुळे जाळ्याचा संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता."

मी गार जमिनीवरच बसले.

"गाठी मी एकेरी मारल्या होत्या," मी म्हटलं. "शेपटीतल्या सगळ्या. मुद्दाम. तू माघारी फिरावंस म्हणून."

तो ओरडेल, हात उगारेल, असं मला वाटलं; तसं त्याने केलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, खालून नुकत्याच वर आलेल्या जाळ्यापाशी गेला आणि शेपटीतली एक गाठ दोन बोटांत धरून ताणली. ती सरकली. त्याने दुसरी ताणली. तीही सरकली.

"तीन ओढी, ताई," तो अगदी हळू म्हणाला. "नीट शिवलं असतंस तर तीन ओढीत बोट भरून परत आलो असतो मी."