तिसऱ्यांदा लंबक

परीक्षकांसमोरच्या डब्यातून संघप्रियाने चिठ्ठी उचलली, तेव्हा तिसऱ्यांदाही लंबकच निघाला.

पहिल्या वर्षाचं भौतिकशास्त्राचं हे प्रॅक्टिकल तिचं दोनदा राहिलं होतं. आता दुसरं वर्ष संपत आलं होतं. या खेपेस सुटलं नाही तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही तर ब्रह्मपुरीच्या मुलींच्या वसतिगृहातली जागाही नाही. मग गावी परत. एक वर्ष घरी बसून पुन्हा कॉलेजात आलेली मुलगी तिने अजून पाहिली नव्हती.

मागच्या वेळी तिने सगळे करतात तेच केलं होतं. लंबकावरून ‘जी’ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत ९७८ च्या आसपास यायला हवी, हे सिनियर आधीच सांगून ठेवतात. त्यावरून उलटा हिशोब करून सेकंद काढायचे, थोडे इकडेतिकडे हलवायचे आणि तक्त्यात भरायचे. परीक्षकांनी घड्याळ हातात देऊन एक रीडिंग समोर घ्यायला सांगितलं आणि सगळं तिथेच संपलं. या वेळी तिने खरी रीडिंगं घ्यायचं ठरवलं होतं. त्यात धाडस वगैरे नव्हतं. खोटे आकडे रचायचाही तिला आता कंटाळा आला होता.

गोळ्याला वारा लागू नये म्हणून पंखे बंद होते. मे महिना. घामाने दोरा बोटांना चिकटत होता. गोळा सोडायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागतात ते पाहायचं, सूत्रात घालायचं. उत्तर आलं १०८१. दोरा आखूड केला, १०८५. पुन्हा लांब केला, १०७९.

शेजारच्या टेबलावरचा मिथुनही राहिलेलं प्रॅक्टिकल द्यायला आला होता. त्याने मान लांब करून तक्ता पाहिला. “तुह्या टेबलाखाली लोखंडाची खान लागली का वं? धरती लयच जोरानं खेचून राह्यली.”

सामान देणारे वारलूभाऊ जवळून जाताना हळूच म्हणाले, “टाकून दे ना नऊशे अठ्ठ्याहत्तर. कोन पाह्यते इथी?”

“मागच्या वेळी पाह्यलं ना, भाऊ.”

तिने मिथुनचं घड्याळ मागून घेतलं, तरी तेच. दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत पुन्हा मोजली, तीही बरोबर. ती स्टुलावर बसली. डोकं जड झालं होतं. मग तिला चुकीचं सूत्र आठवलं, म्हणजे चुका मोजायचं सूत्र. लॉग घ्या, अवकलन करा: लांबीतली चूक आहे तेवढीच उतरते, वेळेतली दुप्पट होते, कारण वेळेचा वर्ग आहे. प्रत्येक पेपरात तिने ते गुणांसाठी लिहिलं होतं, वापरलं कधीच नव्हतं. ‘जी’ दहा टक्क्यांनी जास्त येतोय. लांबीत दहा टक्के म्हणजे चांगली अर्ध्या वितीची चूक, ती डोळ्याला दिसली असती. मग वेळेत पाच टक्के. शंभरात पाच, म्हणजे विसात एक.

तिने गोळा पुन्हा सोडला आणि स्वतःचं मोजणं ऐकलं. लाभ, दोन, तीन…

घरी धान मोजताना आई पहिल्या पायलीला एक म्हणत नाही, लाभ म्हणते. संघप्रिया लहानपणापासून तशीच मोजत आली होती. पण आई लाभ म्हणते तेव्हा एक पायली पोत्यात पडलेली असते. इथे गोळा नुसता सुटलेला असायचा, झोका एकही झालेला नसायचा. तिचे वीस म्हणजे एकोणीसच होते.

परीक्षक मिथुनच्या टेबलावर आले होते. तिने घाईने गोळा सोडला, शून्य म्हणताना जीभ अडखळली. उत्तर आलं ९७४. पुढच्या रीडिंगला वेळ नव्हता. आधीचे आकडे तिने खोडले नाहीत, खाली दोन ओळींत कारण लिहिलं.

“एक हजार एक्याऐंशी?” परीक्षकांनी रुमालाने मान पुसली.

“एकोणीस झोके झाले होते, सर. मी वीस समजले.”

“कशावरून?”

तिने सगळं सांगितलं, अवकलनासकट. लाभाचंही सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले. दुपारपासून त्यांनी बरंच ऐकलं असावं.

“पद्धत बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण धड रीडिंग एकच. आलेख नाही, त्याचे गुण देता येणार नाहीत.” त्यांनी आकडा लिहिला. “पासापुरतं होतंय.” आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

बाहेर मिथुन भेटला. त्याने सिनियरांचेच आकडे भरले होते, आलेख सुरेख काढला होता, आणि परीक्षकांनी त्याला काही विचारलं नव्हतं. तिला पासापुरतंच मिळालं हे ऐकून तो खरोखर हळहळला.

“मंग येवढी मेहनत काऊन केली?”

स्टुलावर बसल्या बसल्या विसात एक सापडला ते दोनचार क्षण तिला फार आवडले होते. पण हे त्याला समजावून सांगण्याइतका जीव तिच्यात उरला नव्हता.

“वार्डनबाईंले सांगाचं आहे, माही जागा राहू द्या म्हनून,” ती म्हणाली. “मंग झोपाचं आहे.”

चपला ओढत ती वसतिगृहाकडे निघाली.