लाल पाटीचा उतारा

सकाळी नऊच्या ठोक्याला दवाखान्याच्या बिलखिडकीसमोर तोबा गर्दी होती. घरी जायची परवानगी मिळालेले पेशंट चाकाच्या खुर्चीत ताटकळलेले, नातेवाईक पिशव्या सांभाळत उभे, आणि आत बिलाचं यंत्र दुरुस्त करायला बोलावलेले संगणकबाबा पडद्यावर काळं फडकं टाकून पुटपुटत होते. फडक्याखाली त्यांचे हात हलले, घंटी वाजली, फडकं निघालं. पडद्यावरची बिघाडाची लाल पाटी गायब! बिलं भराभर निघू लागली. एका आजोबांनी तर खुर्चीतूनच हात जोडले.

बिलताई कोपऱ्यात उभी राहून बघत होती. गेले तीन आठवडे सकाळी तिने यंत्र सुरू केलं की लाल पाटी यायची आणि एकही बिल विमा कंपनीकडे जायचं नाही. दुपारपाळीच्या काकांना मात्र ती कधी दिसलीच नाही. बाबांनी निदान केलं, या बाईचा हात यंत्राला सोसत नाही. मोठे डॉक्टर चांगले शिकलेसवरलेले, पण त्यांनीही मान डोलावली आणि तिला काल सांगून टाकलं, उद्याचा दिवस भरा, परवापासून येऊ नका. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, नवऱ्याचं काम सुटलेलं. ताईला आधी रडू आलं, मग भयंकर राग आला.

त्या रागाच्या भरात आज तिने बाबा यायच्या आत लाल पाटी वाचली. हो, वाचली! इतके दिवस ती कुणी वाचलीच नव्हती, तिनेसुद्धा नाही. लाल दिसलं की थेट बाबांना फोन जायचा. पाटीवर लिहिलं होतं, पेशंट दाखल झाल्याची तारीख आजच्या पुढची आहे. पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती चौदा वर्षांपूर्वीची. तिने यंत्राच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि तिथल्या मुलीने दोन मिनिटांत कारण सांगितलं.

"डॉक्टर, जायच्या आधी एक करून बघू?" ताई खिडकीशी आलेल्या मोठ्या डॉक्टरांना म्हणाली. "यंत्र भिंतीवरच्या बटणापासून बंद करू. आणि सुरू काका करतील."

यंत्राच्या लहरी बिघडतील, असं बाबा घाईघाईने म्हणाले. ताईचं काम समजून घ्यायला आज सकाळीच आलेल्या काकांना डॉक्टरांनी खूण केली. काकांनी बटण बंद करून पुन्हा दाबलं आणि लाल पाटी आली. काकांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

ताईने सगळ्यांदेखत, फडकं न टाकता, तारीख बदलली. पाटी गेली.

"आत नाण्याएवढी बॅटरी असते, वीज नसताना ती तारीख सांभाळते. ती संपलीय. रात्री रखवालदार मेन स्विच बंद करतो, म्हणून सकाळी पहिला हात लावेल त्याला पाटी दिसते. बाबा फडक्याखाली तारीख बदलतात. बॅटरी बदलली तर त्यांना बोलावणार कोण?"

बाबांना अचानक दुसऱ्या दवाखान्यातलं तातडीचं काम आठवलं. फडकं काखोटीला मारून ते गर्दीतून वाट काढत निघाले.

"ताई, बसा तुमच्या जागेवर," डॉक्टर मान खाली घालून म्हणाले.

ताई लगेच बसली नाही.

"बसते. पण डॉक्टर, पेशंटचा रिपोर्ट न वाचता तुम्ही कधी औषध देता का? मग मला नोकरीवरून काढण्याआधी पाटीवरची ती एक ओळ वाचायला काय हरकत होती?"