दोन बरण्यांच्या मधली गादी

मी गादी बोलतेय. झोपायची नव्हे, आणि राजाची तर नव्हेच नव्हे. चित्रपटगृहात लहान मुलांच्या बुडाखाली देतात ना, चौकोनी, जाड, लाल, ती मी. पुढच्या खुर्चीतल्या काकांचं टक्कल पडद्याच्या आड येऊ नये म्हणून माझा जन्म झाला. कुणी हसेल, पण मला हे काम मोठं वाटतं. लहान मुलांच्या आड येणारी टकली जगात थोडी आहेत का?

आमचं चित्रपटगृह एकाच पडद्याचं. एकदा सगळ्या खुर्च्यांची कव्हरं बदलायला काढली, तेव्हा मालक कारागिराला म्हणाले, "उरल्यासुरल्या कापडातून पोरांसाठी काहीतरी करा बुवा. वजन नसतं त्यांना, खुर्ची मिटते आणि पोरगं आत गडप! पडदा कसला दिसतोय!" कारागिराने जुना स्पंज कापला, त्यावर कापड ओढलं आणि आम्हा भावंडांना एकामागून एक शिवून काढलं. माझी पाळी आली तेव्हा तीन कडा झाल्या आणि लाल दोरा संपला. चौथी कड त्याने हिरव्या दोऱ्याने शिवली. "कोण बघतंय एवढं?" असं म्हणालासुद्धा.

कोण बघतंय? मुलं बघतात. आल्या आल्या माझा हिरवा टाका कुणाला दिसला असेल तर तो मुलांनाच.

माझ्या धंद्यातलं एक गुपित सांगते. माणसाला दोन मतं असतात. एक तोंडाचं, एक बुडाचं. तोंडाचं मत बाहेर पडताना तयार होतं, शेजारच्याचा चेहरा बघून. बुडाचं मत अंधारात तयार होतं आणि ते फक्त मला कळतं. कंटाळलेलं मूल माझा टाका उसवायला घेतं. भ्यालेलं मूल पाय वर ओढून माझ्यावरच गोळा होऊन बसतं. आणि सिनेमा खरोखर भिडला, की मूल हलायचं विसरतं आणि माझ्यावर एकदम जड होतं. तेवढं वजन सोसायला मला फार आवडतं.

तोंडाच्या मतासाठी मालकांनी बाहेरच्या दाराशी सोय केली होती. एका टेबलावर काचेच्या दोन मोठ्या बरण्या. एकीवर 'आवडला', दुसरीवर 'नाही आवडला'. जाताना प्रत्येकाने तिकिटाचा उरलेला तुकडा हवा त्या बरणीत टाकायचा. दर गुरुवारी दुपारच्या खेळानंतर मालक दोन्ही बरण्या बघायचे. 'नाही आवडला' जास्त भरली असेल तर शुक्रवारी सिनेमा उतरला, नवा चढला.

पद्धत चांगलीच होती. फक्त एक गंमत होती. गादीवर बसणाऱ्या मुलांचं अर्धं तिकीट. ते दारावरच्या मावशी आत जातानाच ठेवून घ्यायच्या आणि बदल्यात गादी द्यायच्या. म्हणजे मुलांच्या हातात टाकायला तुकडाच नाही. गादी परत करा आणि चालू लागा. इतकी वर्षं हे कुणाला खटकलं नाही. मला खटकायचं, पण मला विचारतो कोण!

'उलटा डोंगर' आला तेव्हा मी नवीकोरी होते. मुलांच्या एका कादंबरीवरचा सिनेमा. आकाशात मुळं आणि जमिनीकडे शिखर असलेला डोंगर, आणि त्यात राहणारा घाबरोबा नावाचा राक्षस. डोंगराएवढा, पण अंधाराला भिणारा. त्या वेळी माझ्यावर एक मुलगी बसली होती. तिचे बाबा तिला टाचणी म्हणायचे, कारण ती बारीक होती आणि नेमकी टोचायची. शेजारी तिचा दादा. घाबरोबा पहिल्यांदा गुहेबाहेर आला तेव्हा टाचणी माझ्यावर अशी जड झाली, की एवढीशी पोर आहे हे खरं वाटेना.

काही वर्षांनी दुसरा भाग आला. पोस्टर लागल्यापासून रांगा. पण खेळ सुटला की दाराशी जे कानावर पडायचं ते असं:

"पहिल्या भागाची सर नाही हो."

"ती लढाई केवढी! मी एक डुलकी काढून उठलो, तरी तीच चालू."

"पुस्तकाचं पार वाटोळं केलंय."

"तुम्ही वाचलंय?"

"मी नाही, हिनं वाचलंय."

"मी पण अर्धंच वाचलंय, पण वाटोळं केलंय हे नक्की."

आणि त्यांच्या कमरेशी एखादं पिल्लू सांगत असायचं, "आई, तो वर चढणारा झरा होता ना..." तर आई म्हणायची, "चल रे, रिक्षा मिळायची नाही." पुस्तक मुलांसाठी लिहिलं, सिनेमा मुलांसाठी काढला, आणि मत द्यायला कोण, तर डुलकी काढणारे काका! 'नाही आवडला'ची बरणी बुधवारीच गळ्यापर्यंत आली.

गुरुवारी दुपारी टाचणी आली. बाबांबरोबर, दादाशिवाय. आता ती उंच झाली होती, पण अर्ध्या तिकिटातून अजून सुटली नव्हती.

"मावशी, हिरव्या टाक्याची आहे का?"

"आहे की. आणि दादा कुठाय तुझा?"

"पाय मोडलाय. सायकलवरून पडला. सोमवारी प्लास्टर काढणार आहेत. तिथून थेट इकडेच यायचं ठरलंय आमचं." मग आवाज खाली करून तिने विचारलं, "मावशी, सोमवारी असेल ना हा सिनेमा?"

मावशींनी 'नाही आवडला'च्या गच्च भरलेल्या बरणीकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, "म्हणून तर आणलं हिला. म्हटलं, तू तरी बघ, दादाला गोष्ट सांग."

"गोष्ट सांगायची नाहीये," टाचणी म्हणाली. "त्याने शपथ घातलीये, शेवट सांगायचा नाही. प्लास्टर कापायच्या यंत्राला तो जाम भितो. सिनेमा आहे म्हणून तर तयार झालाय."

मी मनात म्हटलं, टाचणे, सिनेमा आवडू दे गं बाई तुला.

नाही आवडला. मला लगेच कळलं. झऱ्याला ती हसली, मुळांच्या जंगलात पाय वर घेतले, सगळं ठीक चाललं होतं. पण घाबरोबाला अंधाऱ्या बोगद्यात जायचं होतं तिथे एका जादूगाराने त्याला चिलखत दिलं. ते घातल्याबरोबर त्याची भीती पळाली आणि तो दाण दाण चालू लागला. त्या क्षणी टाचणीचं बोट माझ्या हिरव्या टाक्यात गेलं. पुढची सगळी लढाई ती टाका ओढत बसली.

खेळ सुटला. दाराशी मालक उभे होते. मावशी गाद्या गोळा करत होत्या. टाचणीने मला सोडलं नाही.

"मी कुठे टाकू?"

"काय टाकतेस बाळ? गादी दे इकडे."

"मत. मत कुठे टाकू?"

बाबा म्हणाले, "अगं, मी टाकलं ना आपलं."

"ते तुमचं. आणि तुम्ही मध्ये फोन बघत होता."

रांगेत हशा पिकला. मालकांनाही गंमत वाटली. "मुलांना तुकडा नसतो गं. एवढं वाटत असेल तर टाक गादीच बरणीत!"

ते चेष्टेने म्हणाले. पण मुलांना चेष्टा आणि परवानगी यांतला फरक कळत नाही, किंवा कळूनही सोयीने कळत नाही. मागच्या एका चष्मेवाल्याने आपली गादी 'आवडला'च्या बरणीसमोर धाडकन ठेवली. "मला झरा आवडला!" दोघी जुळ्या बहिणींनी आपल्या गाद्या दोन बाजूंना ठेवल्या आणि तिथेच भांडायला लागल्या. गाद्या येत राहिल्या, टेबलावर, टेबलाखाली. माझी भावंडं पहिल्यांदाच गाद्यांच्या पेटीत न जाता मोकळ्यावर बसली होती. मुलांची मतं मला वाटलं होतं तशी एकतर्फी नव्हती. दोन्ही ढीग जवळपास सारखे.

मग सगळ्यांचं लक्ष टाचणीकडे गेलं. मी तिच्या पोटाशी. 'आवडला'समोर ठेवलं असतं तर काम झालं असतं. मी तर म्हणते, ठेवायचं! एवढंसं खोटं, तेही दादासाठी. ती त्या बाजूला वळलीसुद्धा. आणि थांबली.

"मला नाही आवडला," ती म्हणाली. "घाबरोबा भीत भीत जातो, म्हणून तो आपला आहे. चिलखत घालून काय, कुणीही जाईल." मग नाक ओढून म्हणाली, "पण काढू नका. दादाला बघायचाय. त्याने बघितला नाही तर मी भांडू कुणाशी?"

"मग गादी कुठल्या बाजूला?" मालकांनी विचारलं. "तिसरी बरणी नाही माझ्याकडे."

टाचणीने मला दोन बरण्यांच्या बरोबर मधे ठेवलं.

तेवढ्यात डुलकीवाल्यासारखे दिसणारे एक आजोबा म्हणाले, "पोरी, चिलखत चुकीचं कसं? मदत घेणं म्हणजे भित्रेपणा का?" जुळ्यांची आई म्हणाली, "अहो, पण पुस्तकात..." "पुस्तक बाजूला ठेवा हो!" झालं! दारात ही गर्दी. मोठी माणसंसुद्धा आता खाली वाकून मुलांना विचारत होती, "तुझं काय म्हणणं?"

मालक ते बघत राहिले. मग मावशींना हळूच म्हणाले, "वाईट सिनेमा सुटला की लोक पहिल्यांदा काय शोधतात?"

"गाडीची किल्ली," मावशी म्हणाल्या.

"आज शोधतंय कुणी?"

कुणीच शोधत नव्हतं. मालकांनी दोन्ही बरण्या उचलून आत नेल्या. "दुपारचा एक खेळ राहू दे आणखी आठवडाभर. नवा सिनेमा संध्याकाळी लावू."

टाचणीने उडी मारली नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने फक्त माझा सुटलेला हिरवा दोरा बोटाने आत खोचून दिला.

सोमवारी दादा आला, काठी टेकत, प्लास्टरमधून सुटलेल्या पांढऱ्याफटक पायाने. त्याला आता गादी लागत नव्हती. पण पाय दुमडत नव्हता, म्हणून मावशींनी पुढच्या कठड्यावर मला ठेवलं आणि त्याची टाच माझ्यावर. आजवर माझ्यावर कितीजण बसले, टाच टेकणारा हा पहिलाच. चिलखताचा प्रसंग आला आणि टाच जड झाली. अगदी दगडासारखी.

खेळ संपला तरी दोघं उठेनात.

"चिलखत भारी होतं," दादा म्हणाला.

"कसलं भारी! फसवणूक आहे ती."

"तुला काय जातंय बोलायला? ते यंत्र घूं घूं करत पायावर आलं ना, तेव्हा मला हवं होतं तसलं चिलखत."

"पण नव्हतं ना? तरी तू पाय दिलास ना पुढे?"

दादाने माझ्यावर टाच घासली. म्हणाला, "रडलो पण."

"मग काय झालं! पुस्तकातला घाबरोबापण रडतो. जोरात."

टाच माझ्यावरून हळूच उचलली गेली. दारापर्यंत दोघं भांडत गेले, आणि तिच्या खांद्यावर टेकून चालत त्याने काठी तिच्याच हातात दिली होती.

आता मी जुनी झाले आहे. एक कोपरा फाटलाय, स्पंज डोकावतो. मावशी मला पेटीत टाकत नाहीत. दर खेळाला माझी जागा टेबलावर, दोन बरण्यांच्या मधे. ज्यांना एका बरणीत मावणारं मत नसतं ते तुकडा माझ्यावर ठेवतात, आणि थांबून बोलतात. मुलांनाही आता तुकडा मिळतो. मी सुखात आहे.

एवढंच मागणं आहे. सिनेमा सुटला की मुलाला "आवडला ना?" असं विचारू नका. त्यात उत्तर तुम्हीच देऊन मोकळे होता. "काय वाटलं?" असं विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गाडीची किल्ली खिशातच राहू द्या.