इस्त्री केलेले ग्लोव्हज

सतरा वर्षांखालील मुलींच्या आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत, उपांत्यपूर्व सामन्याच्या दिवशी सकाळी, इस्त्रीकाकांनी गोलकीपरच्या ग्लोव्हजना इस्त्री केली.

इस्त्रीकाका म्हणजे संघाचे कपडे सांभाळणारे गृहस्थ. बावीस वर्षं हेच काम. चुरगळलेल्या माणसाला गोल बसतो, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी कधी तपासून पाहिलं नव्हतं. जर्सी, मोजे, बुटांच्या नाड्या, कॅप्टनच्या दंडावरची पट्टी, सगळ्यांना कडक इस्त्री. एकदा त्यांनी कॉर्नरच्या निशाणालाही केली होती, मॅच चालू असताना. ग्लोव्हज तेवढे आजवर वाचले होते, कारण पुरुषांच्या संघातले कीपर ते उशाशी घेऊन झोपत. या संघाच्या कीपरने, चाळणीने, मात्र विश्वासाने धुवायला टाकले.

ग्लोव्हजच्या तळव्याला रबराचा मऊ थर असतो. चेंडू त्यालाच चिकटतो. त्या सकाळी तो थर इस्त्रीला चिकटला आणि खोलीभर टायर जळाल्यासारखा वास पसरला. हा जोडच सदोष असणार, असं म्हणून काकांनी दुसऱ्या जोडावर इस्त्री फिरवली.

चाळणीकडे दोनच जोड होते.

चाळणी सोळा वर्षांची. नवव्या वर्षी पहिल्याच मॅचमध्ये तिने अकरा गोल खाल्ले, तेव्हा हे नाव पडलं. त्यानंतर ती रोज शाळेआधी दीड तास भिंतीवर चेंडू मारून स्वतःच अडवत आली. आता या स्पर्धेत तीन मॅच झाल्या होत्या आणि तिच्यावर एकही गोल नव्हता. पण नाव बदलायला कुणाला सवड झाली नाही.

काकांनी चारही ग्लोव्हज तिच्यापुढे टेबलावर ठेवले. ठेवताना टक्क असा आवाज झाला.

"बाळ, माझ्या हातून घोटाळा झालाय."

चाळणीने एक ग्लोव्ह उचलला, उलटसुलट पाहिला. "काका, घडी मात्र सुरेख पडलीये."

"मार मला, पण चेष्टा नको करूस. मी आत्ताच कोचताईंना सांगून येतो."

"मॅचनंतर सांगा. आत्ता त्या फळ्यावर बाण काढतायत. मध्येच सांगितलंत तर बाण चुकतील, आणि आपण आपल्याच गोलवर हल्ला करू."

काकांना हसू आलं नाही. आज हरलो तर सगळे म्हणणार, चाळणीने घालवलं. इस्त्रीने घालवलं, असं कोण म्हणणार? सात वर्षांची मेहनत त्या पोरीची, आणि मातीत घालायला आपली दोन मिनिटं पुरली.

राखीव कीपरला सगळे शिडी म्हणत. तिने लगेच स्वतःचे ग्लोव्हज काढून दिले. ते चाळणीला दोन मापं मोठे होत होते. काकांनी सुईदोरा घेतला आणि एकेक बोट आत घ्यायला बसले.

"तुझी बोटं फार लांब गं," ते पुटपुटले.

"आईकडे तक्रार करते," शिडी म्हणाली.

"आणि तुलाच उतरावं लागलं तर?"

"मग उसवा. पण जरा भरभर, गोल खाईपर्यंत बसू नका."

मॅच सुरू झाली. चेंडू आपल्या गोलकडे आला की काका डोळे मिटत आणि आवाजावरून अंदाज घेत. नव्वद मिनिटांत त्यांनी जवळजवळ काहीच पाहिलं नाही. शिडी शेजारी बसून सांगत होती. "अडवला. हाही अडवला. हा गुडघ्याने. काका, हा कशाने अडवला ते मलाही कळलं नाही."

शून्य-शून्य. पेनल्टी.

चार-चार फटके होऊन तीन-तीन अशी बरोबरी झाली. समोरच्यांचा चौथा चाळणीनेच अडवला होता, पण त्या धक्क्याने उजव्या ग्लोव्हची शिवण उसवली आणि तो तिच्या हातात गरकन फिरला. तेवढ्यात आपल्या पोरीने पाचवा फटका गोलमध्ये घातला. चार-तीन. आता समोरच्यांचा शेवटचा फटका. तो अडवला की उपांत्य फेरी.

चाळणीने दोन्ही ग्लोव्हज काढले. खांबापलीकडे गवतावर एकावर एक नीट ठेवले. तळवे चड्डीला पुसले आणि रेषेवर उभी राहिली.

"काका, डोळे मिटा," शिडी म्हणाली.

"नाही," काका म्हणाले. "हे मीच केलंय. मी बघणार."

समोरची कॅप्टन धावत आली आणि तिने चेंडू उजव्या कोपऱ्यात, खांद्याच्या उंचीवर मारला. चाळणी आडवी झेपावली. जोरात दार आपटावं तसा आवाज झाला. चेंडू तिच्या उघड्या तळव्यांवरून खांबावर गेला आणि खांबावरून मैदानाबाहेर. काकांनी त्यातलं सगळं पाहिलं आणि मग मागे न बघता बसले, ते थेट पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटमध्ये.

नंतर पत्रकारांनी गराडा घातला. चाळणीचे दोन्ही हात बर्फाच्या बादलीत होते. दुभाष्याने विचारलं, "ग्लोव्हज का काढले?"

"मैत्रिणीचे होते. आणखी फाटले असते तर तिला काय परत दिलं असतं?"

काकांना राहवलं नाही. ते पुढे झाले. "अर्धंच सांगतेय ती. तिच्या ग्लोव्हजना मी इस्त्री केली."

दुभाष्याने पुन्हा विचारलं, "ग्लोव्हजना?"

"दोन्ही जोडांना."

दुभाष्याने पत्रकारांकडे वळून चारच शब्द सांगितले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी डोळे टिपले.

"काय सांगितलंत?" काकांनी घाबरत विचारलं.

"तुम्हाला मुलीचा अभिमान वाटतो, असं. खरं सांगितलं असतं तर छापलं कुणी असतं?"

कोचताई मागेच उभ्या होत्या. त्यांना दुभाष्याची गरज नव्हती.

"उद्या दुकान उघडायच्या आधी दारात उभे राहा," त्या काकांना म्हणाल्या. "हिच्या मापाचे चार जोड आणा. आणि आत्ता हिला पाणी पाजा. हिला ग्लास धरता येत नाहीये."

काकांनी ग्लास भरून तिच्या तोंडाला लावला. घाईत तो जरा जास्तच तिरका केला.

"काका, हळू," चाळणी म्हणाली. "नाकात चाललंय."