कोल्हिणीचा कंदील

मिझुएच्या खेळाला शेवटच नव्हता, आणि ओसाकाच्या कंपनीत तो येत्या सोमवारी द्यायचा होता. टीव्हीला जोडून खेळायचा, लोककथेवर बेतलेला, तिनं बनवलेला व्हिडिओ गेम. बर्फात वाट चुकलेला मीठविक्या, त्याच्यापुढं कंदील घेऊन चालणारी कोल्हीण, आणि मग पूल. गोष्ट वडिलांची. लहानपणी मिझुए दरवेळी पुलापाशी झोपून जायची, त्यामुळे पुढचं तिला ठाऊकच नव्हतं.

आणि वडिलांनी, कानेकिचींनी, बायको गेल्यापासून गोष्ट सांगणंच सोडलं होतं. त्यांच्या डोंगरातल्या गावात गोष्टीला हुंकार लागतो. प्रत्येक वाक्याला ऐकणाऱ्यानं "ओट्टो" म्हणायचं. जन्मभर तो हुंकार बायकोनंच दिला होता.

"बाबा, एवढा शेवट सांगा ना. दुपारच्या बसनं जायचंय मला."

"दिवसाढवळ्या गोष्ट सांगितली की उंदीर हसतात." कानेकिची मुळ्याचं लोणचं कुरुमकुरुम चावत म्हणाले. "आणि तुझ्या त्या डब्याला काय कळतंय? समोर कुणी असो-नसो, बडबडत सुटणार."

"नाही हो सुटत. बघा तरी!"

तिनं खेळ टीव्हीला जोडला, बटणांचा रिमोट त्यांच्या हातात दिला. पडद्यावर एक वाक्य उमटलं आणि त्याखाली छोटासा बाण लुकलुकू लागला. म्हाताऱ्यानं मुद्दाम बटण दाबलं नाही. हट्टाला पेटला की हा माणूस कुणाचं ऐकायचा नाही. समोरचा चहा गार झाला. बाण लुकलुकतच होता.

"माझ्यासाठी थांबलाय होय गं हा?"

"तुम्ही हुंकार दिल्याशिवाय पुढं जात नाही तो."

त्यांनी बटण दाबलं. मग पुन्हा. थोड्या वेळानं दाबता दाबता ते पुटपुटायला लागले, "ओट्टोऽ", शेवटचा स्वर लांबवत, अगदी मिझुएच्या आईसारखं. मिझुएला भरून आलं. ती उगाच चहाच्या वाट्या आवरत बसली.

पूल आला. कानेकिचींनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं.

"बिघडलं काय?"

"नाही. इथं मला झोप लागायची."

त्यांनी रिमोट खाली ठेवला. "तुझी आईही इथंच पेंगायची. दिवसभर शेतात राबलेली बाई, तिचा काय दोष! हा शेवट मी आजवर कुणाला सांगितलाच नाही, पोरी."

त्यांनी टीव्ही बंद केला.

"आणि उंदीर, बाबा?"

"हसू देत लेकाचे." ते ताठ बसले. "मीठविक्या पूल ओलांडून गेला. कोल्हिणीला काही तो ओलांडता येत नव्हता."

"ओट्टो."

"पलीकडं मिट्ट काळोख. तिनं अलीकडूनच कंदील उंच धरला."

"ओट्टो."

"पलीकडून त्याची ओ ऐकू येईपर्यंत..."

ते हुंकारासाठी तिच्याकडं बघत राहिले.

"ओट्टोऽऽ," मिझुए म्हणाली, आईसारखं लांबवून.

"...तिनं हात खाली केला नाही."