भुरीचं शेपूट

त्या दुपारच्या वाळूच्या आंधीत नुकसान सगळ्यांचंच होणार होतं. फायदा व्हायचा होता तो एकट्या वगताराम राइकाचा, कारण आंधी पावलं पुसून टाकते.

ज्या वाळूत नुसता ठसा बघून माणसं सांगतात, की अमकीची शेळी लंगडते आहे आणि तमक्याने जोडा नवा घेतला आहे, तिथे कुणाला चोरून काही करायचं असेल तर आंधीची वाट बघावी लागते. वगताराम जेठ लागल्यापासून वाट बघत होता. त्याला व्याह्याच्या हद्दीत शिरायचं होतं, एका सांडणीचं शेपूट बघायचं होतं आणि गुपचूप परत यायचं होतं.

भुरी ही सांडणी, म्हणजे उंटीण, त्याने आपल्या पोरीच्या, जमकूच्या लग्नात व्याह्याला दिलेली. दोन वर्षं झाली तरी ती व्याली नाही. माघात चार ढाण्यांची, म्हणजे आसपासच्या वस्त्यांची, माणसं बसलेली असताना व्याही सोनाराम म्हणाला, "वगतारामाने पोरीबरोबर चरायला एक तोंड जास्तीचं पाठवलं." माणसं हसली. वगताराम हसला नाही. स्वतःच्या पणजीचं नाव सांगताना तो अडखळायचा, पण भुरीच्या पणजीचं नाव, रंग आणि किती वेळा व्याली हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई, आणि त्या घराण्यात वांझ एकही नव्हती. शब्दाने शब्द वाढला. शेवटी पंचांनी वैतागून ठरवून टाकलं, की या दोघांनी एकमेकांच्या हद्दीत पायच ठेवायचा नाही. आधी कोण ठेवेल त्याने चारही ढाण्यांना लापशी घालायची.

गाभण सांडणीजवळ कुणी गेलं, की ती शेपूट काठीसारखं उभं करते. रिकामी असली तर करत नाही. तेव्हा वगतारामाची सगळी अब्रू सध्या त्या हातभर शेपटाला लटकली होती, आणि ते शेपूट टेकडीपलीकडे होतं.

"जमकूला विचारा की," पारू, त्याची बायको, म्हणायची.

"तिने सांगितलं तर सासऱ्याची चुगली, नाही सांगितलं तर बापाशी खोटेपणा. पोरीला मध्ये कशाला घालतेस?"

"मग जाऊ द्या ना. शेपूटच आहे, पळून थोडंच जातंय?"

पण वगतारामाला रात्री झोप नव्हती.

त्या दुपारी पश्चिमेचं आभाळ आधी विटकरी झालं, मग काळं. वारा पडला. शेळ्या आपणहून कुडाला चिकटल्या. पारूने भाकरी अर्धी सोडून चुलीत पाणी ओतलं. हे ढाणीला वगतारामानेच शिकवलेलं. आधी चूल, कारण एक ठिणगी उडाली तर झोपडी उरत नाही. मग पाण्याच्या टाक्याच्या झाकणावर दगड. मग जनावरं, मग पोरं, मग आपण. दगड जड होता आणि तो ठेवायचं काम वगतारामाचं होतं.

"एक बकरा मागे राहिला वाटतं," तो पाण्याची पखाल खांद्याला मारत म्हणाला. "घेऊन येतो."

"बकरे मी मोजलेत. सगळे आहेत."

"मग चुकीचे मोजलेस."

पारू बघत राहिली. हातात विझलेलं लाकूड, कपाळावर आठी. तोवर वगताराम कुडाबाहेर पडलाही होता.

हद्दीची टेकडी त्याने भराभरा ओलांडली. मागे वळून आपल्या पावलांची रांग बघितली आणि खूश झाला. घटकाभरात त्यातलं एकही उरणार नव्हतं.

फोगाच्या झुडपांपाशी भुरी दिसली, पण खाली बसलेली. जनावराला माणसाआधी कळतं. वाऱ्याकडे पाठ, मान लांब करून वाळूला टेकवलेली, नाकपुड्या मिटलेल्या, आणि शेपूट? शेपूट अंगाखाली घट्ट दाबलेलं.

"ऊठ गं," वगताराम म्हणाला. "एकदाच ऊठ."

भुरीने डोळासुद्धा उघडला नाही. तेवढ्यात आंधी आली.

आता पळण्यात अर्थ नव्हता. जवळच खेजडी होती, पण आंधीत झाडाखाली बसतो त्याच्या डोक्यावर फांदी पडते. टेकडीच्या पोटाशी आडोसा होता, पण वारा वाळू आणून टाकतो ती तिथेच. तो भुरीच्या कुशीला बसला, पाठ तिच्याकडे करून. पागोटं सोडलं, एक टोक पखालीतल्या पाण्याने भिजवून नाकातोंडावर धरलं, बाकीचं डोक्यावरून घेतलं. उजेड गेला. कानात गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज.

थोड्या वेळाने कुणीतरी धडपडत येऊन त्याच्या अंगावरच पडलं. खोकला ऐकूनच वगतारामाने ओळखलं. सोनाराम होता.

पण एकमेकांशी बोलायचं नव्हतं. माघातल्या भांडणापासून दोघांचा अबोला चालूच होता. सोनाराम सरकत भुरीच्या तोंडाकडे गेला, कमरेची डबी काढली आणि तिच्या नाकपुड्यांना बोटाने काहीतरी लावलं. वास आला तसा वगताराम चमकला. तूप होतं. या महागाईत वांझ जनावराच्या नाकाला तूप? आणि वांझ जनावरासाठी हा म्हातारा आंधीत घराबाहेर पडला?

सोनाराम येऊन शेजारी बसला आणि खोकत खोकत म्हणाला, "भुरे, तुझ्या पाहुण्याला विचार, वाट चुकला का?"

"भुरे," वगताराम फडक्याआडून म्हणाला, "तुझ्या धन्याला सांग, तोंड उघडं ठेवून बोललास तर रात्रीपर्यंत पोटात शेत होईल."

"सांग त्याला, फडकं घाईत घरी राहिलं."

"पाणी?"

"तेही," सोनाराम म्हणाला. तो थेट बोलला हे दोघांनाही कळलं, पण दोघांनीही न कळल्यासारखं केलं.

वगतारामाने मनात वजाबाकी केली. पखालीत दोघांपुरतं पाणी होतं, पण मग परतीला घोटभरच उरत होतं. त्याने पागोट्याचं दुसरं टोक भिजवून पुढे केलं. "भुरे, त्याला म्हणावं नाकावर धर आणि डोळे चोळू नकोस. भरले तर भरू दे, पाणी येऊन आपोआप धुतले जातात. आणि जागचा हलत राहा, नाहीतर वाळू तुला तुझ्याच जागी पुरून टाकेल."

ते हलत राहिले. मांडीवर वाळू साचे, ते वर सरकत, पुन्हा साचे. मध्येच आवाज एकदम थांबला. डोक्यावरच्या कापडातून तांबडा उजेड आला.

"गेली," सोनाराम म्हणाला आणि उठायला लागला.

वगतारामाने त्याचं धोतर धरून खाली ओढलं. "बस खाली, व्याही! ही दम खातेय नुसती. तुझ्या पोराच्या घरी माझी पोर आहे, तिच्या वाट्याला सासऱ्याचं दुःख नको मला."

सोनाराम बसला तोच दुसरा झपाटा आला, पहिल्याहून मोठा. दोघांनी पागोट्याची टोकं पुन्हा नाकावर दाबली. मग सोनाराम म्हणाला, "आता बोललासच सरळ, तर विचारतो. आलास कशाला?"

"शेपूट बघायला."

सोनाराम इतका हसला की वगतारामाला त्याच्या पाठीत बुक्क्या घालाव्या लागल्या.

आंधी खरोखर गेली तेव्हा ऊन उतरलं होतं. पारवे घुमायला लागले. भुरी आधी मागचे पाय, मग पुढचे असं करत उठली आणि अंग झाडलं. वगताराम पाठीमागून हळूच एक पाऊल तिच्याजवळ गेला.

शेपूट उभं राहिलं. काठीसारखं.

वगतारामाने डोळे पुसले. त्यात वाळू होतीच, त्यामुळे कुणाला काही सांगावं लागलं नाही.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्याने विचारलं.

"महिना झाला."

"आणि सांगितलं नाहीस!"

"काय सांगू? चार ढाण्यांसमोर तिला वांझ म्हणालो होतो. म्हटलं, व्याली की बघू. एवढ्यात तू मेलास तर सांगायची गरजच नाही."

"मी मरत नाही."

"ते आज कळलं," सोनाराम म्हणाला.

वगताराम खुशीत घराकडे वळला, एक पाऊल टाकलं आणि थांबला. मग खाली बघितलं. वाळू कशी होती? नुकती धुऊन वाळत घातलेल्या धोतरासारखी. मैलभर कुठे शेळीचा खूर नाही, सरड्याची रेघ नाही. आणि त्या सगळ्या कोऱ्या पसाऱ्यात एकच ठसा, डावा अंगठा बाहेर फाकलेला, जो चारही ढाण्यांतलं शेंबडं पोरही ओळखेल. येतानाच्या पावलांचा हिशेब त्याने चोख केला होता. जातानाच्या पावलांचा केलाच नव्हता.

"लापशीत वेलची घाल हो," सोनाराम म्हणाला.

"भुरीवर बसून जातो."

"माझ्या गाभण सांडणीवर? हात लाव, मग बघ."

"मग तू मला पाठुंगळी घे."

"आणि माझी पावलं तुझ्या हद्दीत? शहाणा आहेस!"

वगताराम त्या एका ठशाशेजारीच बसला. पखाल उलटी केली, दोनच थेंब पडले. सोनारामाने ते पाहिलं. तोंडात अजून त्याच पाण्याचा ओलावा होता. त्याने एकदा टेकडीकडे बघितलं आणि वगतारामाच्या ठशाशेजारी आपला पाय दाबून ठेवला.

"चल. विहीणबाईंच्या हातचा चहा बरेच दिवस प्यालो नाही."

दोघं टेकडी ओलांडून गेले, मागे भुरी.

दुसऱ्या दिवशी पंच ठसे वाचत वगतारामाच्या घरी आले, तर सांडणी बसलेल्या खळग्यापासून दोन माणसं निघालेली आणि तिथे आलेलं कुणीच नाही. आभाळातून पडली म्हणावं तर दोघं चहा पीत समोर बसलेले. आधी कुणी हद्द मोडली? पंचांनी ठसे वाचण्यात पक्की असलेल्या पारूला विचारलं. ती म्हणाली, "एक तिकडे गेल्याशिवाय तिकडून निघाला कसा? आणि दुसरा इथे समोर बसलाय. दोघांनीही घाला."

लापशी झाली. गहू वगतारामाने दिले, आणि माघात गेलेली अब्रू परत घेतली. गूळ सोनारामाने दिला, तूपही, डबीतलं उरलेलं. त्याच्याकडे वर्षअखेर पिल्लू जमा होणार होतं. चार ढाण्यांनी काही न देता पोटभर खाल्लं.

राहिला टाक्यावरचा दगड. तो घाईत कुणी ठेवलाच नव्हता. झाकण उडून टाकं निम्मं वाळूने भरलं, आणि पाऊस येईपर्यंत पारू लांबच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणत राहिली. लापशीचंही तिनेच आणलं. त्या वाटेवर तिच्या पावलांचा असा पट्टा पडला, की पुढच्या दोन आंध्यांनाही तो पुरता पुसता आला नाही.