मागच्या भिंतीचा नळ

मस्कतच्या बौशर भागातल्या भाड्याच्या बंगल्यात मराठी मंडळाची बालवाडी भरत असे. नव्या इमारतीचा आराखडा आर्किटेक्ट प्रियांका करत होती. त्या सकाळी ती गुडघ्यांवर बसून मुलांच्या नजरेची उंची मोजत होती आणि आया जयवंती तिला शिकवत होती. आई दिसेनाशी झाली की मूल रडतं, म्हणून दाराशेजारी जमिनीलगत खिडकी हवी. रुसलेल्या पोराला लपायला कोनाडा हवा. नळ असा हवा की कुणी उचलून धरायला नको. प्रियांकाने सगळं कागदावर उतरवलं. जयवंतीचा नवरा एसी दुरुस्त करायचा. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या माबेलाहून ती चार वर्षांच्या लेकीला घेऊन यायची आणि लेकही याच वर्गात बसायची.

मंडळाचे अध्यक्ष दयानंद यांना आराखडा फार आवडला. या गृहस्थांना मस्कतात तीस वर्षं झाली होती. अर्बाबाकडे, म्हणजे अरब मालकाकडे, एकाच थाळीतला भात दहा हातांबरोबर खाताना त्यांचा धर्म कधी बुडाला नव्हता. तो बुडत होता जयवंतीच्या हातच्या पाण्याने. कारण ती त्यांच्याच गावची निघाली होती आणि तिचं घर कोणत्या वाडीत आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

त्यांनी दार लोटून घेतलं, जयवंतीची वाडी कोणती ते प्रियांकाला सांगितलं आणि दोनच बदल सुचवले. मागच्या भिंतीला बाहेरून जयवंतीसाठी वेगळा नळ आणि जेवताना तिच्या मुलीला सामानाच्या खोलीपाशी जागा. मुलं लहान आहेत, त्यांना काय कळतंय, असंही ते म्हणाले.

"मग कारण आराखड्यावर लिहून द्या," प्रियांका म्हणाली.

"अहो, या लिहायच्या गोष्टी नसतात."

"मग बांधायच्याही नसतात."

तिने हे सारं जयवंतीला सांगितलं आणि पालकसभेत वाचून दाखवू का, म्हणून विचारलं. जयवंती लेकीचे केस विंचरत होती. तिने हात थांबवला नाही.

"वाचा ताई. माका ठावक आसा. सगळ्यांका कळांदेत."

शुक्रवारच्या सभेत प्रियांकाने दोन्ही बदल कारणासकट वाचले. समोर चाळीस शिकलेली माणसं होती, कुणी बँकेतली, कुणी तेलकंपनीतली. एकानेही हो म्हटलं नाही, एकानेही नाही म्हटलं नाही. कुणी मोबाइल काढला. एका बाईंनी चहाची चौकशी केली. दयानंदांनी या मौनाला संमती ठरवलं आणि ते पुढच्या विषयाकडे वळले.

माझ्या सहीने हे बांधलं जाणार नाही, असं सांगून प्रियांकाने आराखडा गुंडाळला. मागे उभ्या असलेल्या जयवंतीने लेकीला कडेवर घेतलं आणि आता येणार नाही म्हणून सांगितलं.

रविवारी आठवडा सुरू झाला आणि नवी आया आली. मुलं जयवंतीमावशी हवी म्हणून दारातच ठाण मांडून रडू लागली आणि सभेत ज्यांना कंठ फुटला नव्हता ते आईबाप उन्हात घाम पुसत त्यांची मनधरणी करत राहिले.

आठवड्याभरात प्रियांकाला सात घरांतून फोन आले. सगळेच म्हणे मनातून तिच्याच बाजूचे होते. आपण वेगळी बालवाडी काढू, जयवंतीला तेवढं तुम्ही समजवा, असा सगळ्यांचा सूर. तिने प्रत्येकाला एकच सांगितलं: आधी तिच्या घरी जा, तिच्या हातचं पाणी प्या आणि माफी मागा.

बौशरहून माबेला गाडीने अर्ध्या तासावर आहे. महिना उलटला. आतापर्यंत एकच जोडपं गेलं आहे.